शांत पंख्याची निवड
संगणकाच्या पंख्याचा आवाज मुख्यतः त्याच्या वेगावर ठरतो. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा सावकाश फिरणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा केव्हाही सरस. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड तापमानानुसार बदलतो. आंबिवलीत मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तिथे ही सोय फार मोलाची. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक प्रकारचे असावे. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे वंगण सुकले की घरघर सुरू होते. जाळीवर धूळ साचली तर हवा अडते, वेग वाढतो आणि महागडा पंखाही गोंगाट करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना डेसिबलच्या आकड्यासोबत हवेचा प्रवाहही जरूर पाहावा.