क्लास, मैदान आणि रात्रीचे जेवण

‘डॉक्टर, रात्री नीट जेवतच नाही हो,’ ही शाळकरी मुलांच्या पालकांची नेहमीची तक्रार. भूक वाढवणारे एखादे टॉनिक लिहून द्यावे, अशी त्यांची अपेक्षा असते. मी आधी मुलाचा दिवस विचारतो. उत्तर बहुतेक वेळा असे असते : सहाला उठणे, सातची शाळा, दुपारी घरी येऊन जेवण, चारला चहा-बिस्किटे, पाच ते साडेसहा मैदान किंवा पोहणे, तिथून परस्पर शिकवणी आणि साडेआठला घर. मधे भूक लागते म्हणून कोपऱ्यावरचा वडापाव किंवा वेफर्सचे पाकीट. आई-बाबाही त्याच सुमारास कामावरून येतात, मग कुकर लागतो आणि पाने वाढली जातात सव्वानऊ-साडेनऊला. मूल तोवर पेंगुळलेले असते. त्याला कडकडून भूक लागली होती ती सहा वाजता.

अशा मुलांना तपासून पाहिले तर बहुतेकांना टॉनिकची गरज नसते. कोणता क्लास ठेवावा आणि कोणता सोडावा, हा ज्या त्या घराचा प्रश्न. सगळे क्लास ठेवूनही मुलांच्या पोटात वेळेवर, पुरेसे आणि घरचे अन्न कसे जाईल, तेही घरातल्या कुणाची दमछाक न होता, एवढाच आजचा विषय.

उशीर झोपेच्या खात्यातून जातो

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास. आता वरच्या वेळापत्रकाचा हिशेब मांडा. साडेनऊला जेवण, मग दप्तर भरणे, राहिलेला गृहपाठ, आणि अंग टाकेपर्यंत साडेदहा. सकाळी सहाला उठायचे म्हणजे झोप मिळाली साडेसात तास. दहा वर्षांच्या मुलासाठी ही रोजची किमान दीड तासाची तूट आहे. पाच दिवसांत ती साडेसात तासांवर, म्हणजे जवळपास एका अख्ख्या रात्रीवर जाते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. पाचवीच्या पुढच्या मुलांची सकाळ मात्र लवकरच सुरू होते, आणि क्लासेसचा भार वाढतो तोही याच वयात. सकाळची वेळ आपल्या हातात नसेल, तर रात्रीची तरी हातात घ्यायला हवी. शिवाय भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यावर छातीत जळजळ, आंबट ढेकर, सकाळी खायची इच्छा नसणे या तक्रारी मुलांमध्येही दिसतात. सकाळचा नाश्ता बुडतो आणि दिवसाची सगळी भूक पुन्हा संध्याकाळवर ढकलली जाते.

जेवणाचे दोन भाग करा

ज्या दिवशी मूल आठनंतर घरी येणार, त्या दिवशी रात्रीच्या जेवणाचे दोन भाग करावेत. मोठा भाग क्लासला जाण्यापूर्वी, छोटा भाग परतल्यावर. चार-सव्वाचारचे खाणे म्हणजे ‘तोंडात टाकायला काहीतरी’ नको, ते अर्धे जेवणच हवे. सकाळच्या पोळीत उसळ किंवा भाजी घालून केलेली गुंडाळी, भरपूर दाणे घातलेले दडपे पोहे, पोळीबरोबर उकडलेले अंडे, दही-भात, नाही तर शेंगदाण्याचा लाडू आणि केळे. मैदानावर किंवा तलावावर जायचे असेल तर खाणे आणि खेळ यांत तासभराचे अंतर ठेवा. तेवढा वेळ नसेल, तर आधी केळे-लाडू द्या आणि पोळीचा डबा खेळ संपल्यावर, शिकवणीच्या आधी खायला द्या.

एवढे पोटात असले की वडापावाची ओढ आपोआप कमी होते. रात्री वाटीभर खिचडी किंवा एखादी पोळी-आमटी पुरते, आणि ती पंधरा मिनिटांत संपते.

चारचा चहा मात्र मुलांसाठी बंद करावा. चहातील घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची सुरुवात अनेकदा शाळकरी वयातच झालेली असते. डाळी, मोडाची कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. उसळीवर लिंबू पिळणे किंवा ताटात आवळ्याची फोड असणे याचे कारण नुसती चव एवढेच नाही.

आधी वार, मग पदार्थ

आठवड्याचे नियोजन म्हटले की लोक पदार्थांची यादी करायला बसतात. ती दोन दिवसांत मोडते, कारण मंगळवारची भरली वांगी करायला मंगळवारी घरात कुणी नसतेच. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरची पद्धत मला अधिक पटते. त्यांची ड्यूटी तीन पाळ्यांची, मुले दोन. त्या महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपल्या पाळ्या आणि मुलांचे क्लास लिहितात. ज्या संध्याकाळी आठच्या आत घरात कुणीच मोठे माणूस नसेल, त्या तारखेवर फुली. पदार्थ ठरतात ते त्यानंतर.

फुलीच्या दिवशी नियम एकच : एक भांडे, वीस मिनिटे. मुगाच्या डाळीची भाज्या घातलेली खिचडी, भाजणीचे थालीपीठ आणि दही, पिठले-भात, अंड्याची भुर्जी आणि सकाळची पोळी, डोशाच्या पिठाचे कांदा-टोमॅटो घातलेले उत्तप्पे. ज्या दिवशी फुली नाही, त्या दिवशी वरण-भात, भाजी-पोळी, कोशिंबीर असा सगळा स्वयंपाक, आणि त्यातूनच दुसऱ्या दिवसाची सोय. गुरुवारी वरण दुप्पट शिजवून निम्मे फोडणी न देता लगेच फ्रिजमध्ये ठेवले, तर शुक्रवारी त्याचीच वरणफळे होतात. ज्या घरात त्यांना चकोल्या म्हणतात, तिथल्या मुलांना त्यांचे अप्रूप सांगावे लागत नाही.

साध्या जेवणात पोषण कमी पडेल, ही भीती अनाठायी आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम मिळतात, मूठभर म्हणजे तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांतून ७, एका अंड्यातून ६ आणि २०० मिलिलिटर दुधातून ६. पोळी-भाकरी आणि भातातूनही काही भर पडतेच. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते तांदळात, म्हणून खिचडी हे आजाऱ्याचे अन्न समजू नये. फक्त तिच्यातली डाळ वाढवा. तीन वाट्या तांदळाला मूठभर डाळ घालण्याऐवजी दोन वाट्यांना एक वाटी घाला. बरोबर काकडी-गाजर किसून आणि वाटीभर दही किंवा ताक. एवढ्यात जेवण पूर्ण झाले. रोज नवा पदार्थ हवा, ही अपेक्षा मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त असते. दर सोमवारी खिचडीच असते हे माहीत असले की मुले त्यावर वाद घालत नाहीत.

रविवारचा एक तास

फुलीच्या संध्याकाळी वीस मिनिटांत ताट वाढायचे असेल, तर वेळखाऊ कामे आधी उरकलेली असावी लागतात. शनिवारी सकाळी मटकी भिजत घातली आणि रात्री फडक्यात बांधली की रविवारी मोड येतात. थंडीत अर्धा दिवस जास्त लागेल. मोड आल्याने ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषले जाण्यातला अडथळा कमी होतो. मोडाची मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, पण मुलांना ती शिजवूनच द्यावी. इडलीचे पीठ रविवारी इडल्यांना, उरलेले मंगळवारी उत्तप्प्यांना. आले-लसणाचे वाटण, दाण्याचे कूट, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळलेली पालेभाजी, धुऊन ठेवलेली गाजरे-काकड्या आणि आठवडाभराचे शेंगदाण्याचे लाडू. दोघे-तिघे ओट्याशी उभे राहिले तर हे सगळे तासाभरात होते. भाज्या मात्र आठवडाभराच्या चिरून ठेवू नका. चिरलेली भाजी लवकर खराब होते आणि तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्वही घटत जाते.

फोडणीचा भात करण्यापूर्वी

नियोजनात शिळ्या अन्नाचा भाग येणारच, म्हणून एक सावधगिरी. सकाळी सातला केलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री त्याला फोडणी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत राहिला की त्यातून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले एक विष पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. म्हणजे फोडणी कितीही खमंग असली तरी उपयोग नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

उपाय सोपा आहे. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. भात पसरट ताटलीत काढून वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजचे तापमान पाच अंशांच्या आत हवे. खच्चून भरलेला फ्रिज तेवढा गार राहत नाही. उरलेला भात दुसऱ्या दिवशी संपवावा. आमटी, उसळ, रस्सा पुन्हा गरम करताना नीट उकळी येऊ द्यावी, आणि लागेल तेवढेच काढून गरम करावे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांनी दोन्ही वेळचे एकदम शिजवू नये. मुलांसाठी संध्याकाळी ताजा भात किंवा थालीपीठ जास्त सुरक्षित.

काम कोणाच्या नावावर?

हे वाचून एखादी आई म्हणेल, ‘म्हणजे आणखी एक यादी माझ्याच डोक्यावर!’ तसे होणार असेल तर हे नियोजन दुसऱ्या आठवड्यातच बंद पडेल. सिस्टरांच्या घरी फुलीच्या दिवशी कुकर त्यांचे पती लावतात. डाळ-तांदूळ सकाळीच मोजून ठेवलेले असतात. दहा वर्षांचे मूल काकडी किसू शकते, ताटे-वाट्या मांडू शकते, मटार सोलू शकते. तेरा-चौदाच्या मुला-मुलीला मोठ्यांच्या देखत कुकर लावायला आणि पोळ्या लाटायला शिकवता येते. यात मुलगा-मुलगी असा भेद करण्याचे काही कारण नाही. जे अन्न करण्यात मुलाचा हात लागतो, ते ते जास्त आवडीने खाते, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

रोज रात्री सगळ्यांनी एकत्र बसणे जमणार नाही. नसेना का. आठवड्यातून तीन वेळा जमले तरी चालेल, आणि त्यात रविवारचा नाश्ताही धरा. फक्त त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बाजूला असावेत. मी तपासताना ‘काल रात्री किती खाल्लं?’ असे विचारतो, तेव्हा पुष्कळ पालकांना सांगता येत नाही, कारण कुणी पाहिलेलेच नसते. मूल चिडचिडे झाले आहे, चेहरा पांढुरका दिसतो आहे, ताटातले निम्मे टाकते आहे, घटाघटा पाणी पिते आहे, या गोष्टी शेजारी बसून जेवणाऱ्यालाच आधी दिसतात.

जेवणाच्या वेळा महिनाभर सुधारूनही भूक लागत नसेल, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. वजन घटणे, उंची-वजन वाढायचे थांबणे, फिकेपणा, खेळताना लवकर धाप लागणे, वारंवार पोटदुखी यांपैकी काही असेल तर महिनाभर थांबू नका. खूप तहान आणि वारंवार लघवी यांसोबत वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. मुलांमधला मधुमेह बरेचदा असाच लक्षात येतो.

बाकीच्यांनी सुरुवात छोटी करावी. या आठवड्यात कॅलेंडरवर फुल्या मारा आणि फक्त त्या दिवसांचे चारचे खाणे आणि रात्रीचे एक भांडे ठरवा. साडेआठला दार उघडून आलेल्या मुलाच्या पुढ्यात नऊच्या आत ताट आले आणि साडेनऊला दिवा मालवला गेला, तर त्याच्या दिवसात तासभर झोप परत आली. टॉनिकच्या बाटलीतून ती मिळत नाही.