पांढरीवर सौर पॅनेल बसण्याआधी



हलकी, माळाची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने द्यावी का, असा विचार बऱ्याच गावांत चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये २०२३ साली हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं. करार करताना आपण दर, मुदत, सातबारा सगळं बघतो. पण जमिनीच्या पोटात काय आहे, ते बघायचं राहून जातं.

आपल्याकडे काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. नदीकाठी पांढुरक्या मातीचं टेकाड दिसतं ना? राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून ते तयार झालेलं असतं. त्यात एकावर एक थर असतात. खालचा थर जुना, वरचा नवा. सपाटीकरणाचं यंत्र फिरलं, खांबांचे खड्डे आणि केबलचे चर खणले, की हे थर कायमचे ढवळले जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार शिल्पं सापडली. पण ती शास्त्रीय उत्खननात मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल पुढे जाणकारांत वाद झाला. वस्तू हाती आली, पण थराचा पुरावा गेला.

याउलट पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने थराथराने खणलं. तिथे जवाचे जळके दाणे मिळाले आणि पाण्याचा पाटही सापडला. तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पिकवत होता, ते आपल्याला त्यातून कळलं.

चाचणी उत्खनन म्हणजे काय? माती परीक्षणाला आपण सगळं शेत खणत नाही, ठिकठिकाणचे नमुने घेतो. तसंच हे. जाणकार आधी शेतातून फिरून खापरं बघतात. मग परवानगीने मोजके छोटे खड्डे घेतात आणि वस्तीचा मागमूस नसलेली मूळ माती लागेपर्यंत थोडी थोडी माती काढतात. प्रत्येक थराची नोंद होते. काही नसेल तर काम पुढे चालू. काही असेल तर तेवढा तुकडा सोडून पॅनेलची मांडणी बदलता येते.

एका गावी एका काकांनी विचारलं, "साहेब, खापर निघालं की जमीन सरकारजमा का हो?" नाही काका. जागा संरक्षित करायची तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे आधी सूचना काढावी लागते आणि हरकतीला दोन महिन्यांची मुदत असते. सरकारी उत्खननाने नुकसान झालं तर भरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

एवढं ध्यानात ठेवा :

१. प्रत्येक प्रकल्पाआधी अशी चाचणी होतेच असं नाही. पांढरी किंवा खापरं असतील तर करारापूर्वीच कंपनीला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. काम अर्ध्यावर अडण्यापेक्षा हे बरं.

२. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही.

३. धाब्यावर टाकायला किंवा शेतात पसरायला टेकाडाची माती नेऊ नका.

४. नाणी किंवा दागिने सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे.

भाडं दरवर्षी मिळेल. ढवळलेला थर मात्र पुन्हा लावता येत नाही, मंडळी.

– कृषी विस्तार अधिकारी