कारंजा-सोहोळ : काळविटांचं माळरान

कारंजा लाडला येणारी कुटुंबं बहुतेक गुरुमंदिरासाठी येतात. नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी माथा टेकवायचा, वेळ उरलाच तर जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहायचं आणि शेगावच्या नाहीतर माहूरच्या रस्त्याला लागायचं, असा क्रम ठरलेला. गावापासून जवळच 18.32 चौरस किलोमीटरचं काळविटांचं अभयारण्य आहे, हे अमरावती-अकोल्याच्या माणसालाही पुष्कळदा माहीत नसतं. ते 2000 साली घोषित झालं. कारंजा ज्या वाशिम जिल्ह्यात येतं, तो अकोल्यातून वेगळा झाला 1998 मध्ये. म्हणजे जिल्हा आणि अभयारण्य दोन्ही साधारण एका वयाची.

मेळघाट पाहिलेला माणूस इथे आधी हिरमुसतो. दऱ्या नाहीत, साग नाही, वाघ तर नाहीच. मधूनमधून बाभळी-बोरी आणि बाकी सगळं गवत. सरकारी दप्तरातही अशी जमीन वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच मोजली गेली, आणि पडीक म्हटली की तिच्यावर झाडं लावायचा उत्साह आपल्याकडे फार. माळांवर गिरीपुष्पाच्या रांगा लावून फोटो काढलेले आपण पाहिले आहेत. काळविटाच्या दृष्टीनं ही मदत नव्हे, बेदखली आहे.

कारण त्याचा जीव दोन गोष्टींवर तगून आहे, डोळे आणि पाय. दूरवरचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावणारा हा प्राणी झाडीत शिरला की निम्मा पांगळा होतो. त्याचा हा वेग चित्त्यापासून सुटण्यासाठीचा. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं, काळविटाच्या पायांतला वेग मात्र तसाच राहिला. आता मागे लागतो तो लांडगा, आणि त्याहून जास्त वेळा गावची मोकाट कुत्री.

मुलांना घेऊन जायला घनदाट जंगलापेक्षा माळरान बरं, असं माझं मत आहे. व्याघ्र प्रकल्पात तासन् तास जिप्सीत बसून पोरं पेंगतात. इथे कळप उघड्यावर चरत असतो आणि त्याचा कारभार लांबूनही वाचता येतो. पिळदार शिंगांचा, काळा-पांढरा तो पूर्ण वाढलेला नर. शिंगं आहेत पण अंग अजून तपकिरी, तो वयात येणारा. तिसऱ्या वर्षानंतर त्याचा रंग गडद होत जातो. बिनशिंगाच्या, बदामी रंगाच्या माद्या. शिंगाला किती पीळ आहेत ते दुर्बिणीतून मोजायला सांगितलं की पोरं गप्प बसतात, हा आणखी एक फायदा.

जमिनीकडे पाहिलं तर अजून मजा आहे. एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग दिसला तर ती कुणा नराची हद्द समजावी. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा चिकट स्राव काड्यांना फासतो आणि दुसऱ्या नराला बजावतो की हा सातबारा माझ्या नावावर आहे. माद्या त्या हद्दीतून खुशाल ये-जा करतात.

आणि गवत. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावं आजच्या शहरी मुलानं ऐकलेली नसतात. गुराख्याचं पोर मात्र दाताखाली काडी धरून सांगेल की ढोर आधी कशाला तोंड लावतं. कुसळीचं बी तर छोटं यंत्रच. त्याची लांब शेपटी कोरडी असताना पिळलेली असते; ओल लागली की पीळ सुटू लागतो आणि टोकदार बी मातीत रुतत जातं. अभयारण्यातून काही उचलून आणू नये, पण पायमोज्यात अडकून घरी आलेल्या कुसळाला कायदा लागू नसावा. ते थेंबभर पाण्यात ठेवा आणि कसं गिरकी घेतं ते मुलांना पाहू द्या.

या माळाची खरी माहिती मात्र फलकांवर नसते, ती फासेपारध्यांकडे आहे. तितर, लावा, हरीण यांच्या वाटा ओळखून फासे लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. शिकवलेल्या गाईच्या आडोशानं सावजाजवळ सरकणारे पारधी विदर्भात होते. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, पारधीही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती; पण शिकाऱ्याच्या पोटाचं काय, हे कुणी विचारलं नाही. वाशिम-अकोला पट्ट्यात ‘संवेदना’ ही संस्था पारध्यांना सोबत घेऊन गवताळ रानं राखायचं काम करते, त्यात या प्रश्नाचं एक उत्तर दिसतं. याच पट्ट्यातल्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. उंच गवतातून वर उड्या मारत मादीला बोलावणारा हा पक्षी आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. त्याचा ठावठिकाणा पारध्याइतका कुणाला कळणार? वनविभागानं कारंज्याच्या पायवाटांवर वाटाडे म्हणून पारधी तरुण नेमावेत आणि पर्यटकांनी त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

शेजारच्या शेतकऱ्याचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. अभयारण्याची हद्द हरणाला माहीत नसते. सोयाबीन कोवळं असताना कळप शिरला की तास दोन तासांत धुऱ्यापर्यंत साफ. त्यात रोही आणि रानडुकरं. जागलीला जाऊन थकलेल्या माणसाला निसर्गप्रेमाचं व्याख्यान देऊ नये. नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेवर झाला तर तोच राखणदार होतो.

पूर्वी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी कारंज्यावरून रमतगमत जायची. आता समृद्धी महामार्ग जातो, तोही या अभयारण्याच्या परिसरातून. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. वन्यप्राण्यांसाठी या रस्त्यावर भुयारी आणि वरून जाणारे मार्ग ठेवले आहेत, ही चांगली गोष्ट. नागपूरकराला कारंजा त्यामुळे सकाळच्या टप्प्यात आलं, हीही चांगलीच.

यायचं तर दिवाळीनंतर या. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी धरते की दर दहा पावलांना थांबावं लागतं. आधी वनविभागाकडे प्रवेशाची वेळ विचारून घ्या आणि उजाडता उजाडता पोचा, कारण ऊन चढलं की कळप बसून घेतो. भडक कपडे नकोत, पूर्ण पँट हवी, घरात एकच दुर्बीण असेल तर ती मुलांच्या हाती द्या. आणि गवतात एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसलं तर ते हरवलेलं समजून उचलू नका. काळविटीण पिलाला असंच लपवून चरायला जाते. तुम्ही दूर झालात की ती परत येते.