तीन बोटं मावतात का?

वर्ध्याहून नागपूरला जाताना केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला बसमधूनच हात जोडले जातात. या सगळ्या वाटेवर पानठेल्यांवर पन्नीत खर्रा घोटला जातो : सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखू बदनाम झाली. सुपारी साळसूदच राहिली, पूजेच्या ताटातली ना ती! पण तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल ताठरतो, तिखट झोंबतं. एकावर एक धरलेली स्वतःची तीन बोटं तोंडात उभी मावेनाशी होतात. हा कॅन्सर नव्हे. त्याचं अंगण मात्र नक्की.

अशा तोंडातला छाला तीन आठवड्यांत भरला नाही, तर या वाटेच्या एका बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. डॉक्टर छाल्याच्या काठावरून तुकडा घेतात, कारण मधला भाग बरेचदा मेलेला असतो. ‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ म्हणून लोक हे टाळतात आणि त्या टाळण्यातच तो पसरतो. तुकडा मेणात बसवून केसाहून पातळ काप काढतात, रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो : पेशींनी अस्तराखालची पडदी फोडली आहे का?

फोडली असेल, तर तो कॅन्सरच; मग पुढचा प्रश्न मानेचा. तोंडातला कॅन्सर आधी तिथल्या गाठींत उतरतो. पण हाताला गाठ लागतच नसेल तर मान उघडायची की वाट पाहायची? यावर सर्जन वर्षानुवर्षं भांडले. उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये दिलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५०० रुग्णांत, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत साडेसदुसष्ट. जगभरच्या सर्जनांनी या निकालाची दखल घेतली.

काढलेल्या गाठी पुन्हा पॅथॉलॉजिस्टकडे जातात. त्यांत कॅन्सर निघाला तर शेक, म्हणजे किरणोपचार : बहुधा सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. त्याआधी दंतवैद्य किडके दात काढून टाकतो, कारण शेकलेल्या जबड्यात नंतर काढलेल्या दाताची जखम भरता भरत नाही. शेक स्वतः काही मिनिटांचाच. त्यासाठी कापूस वेचणीच्या दिवसांत रोज सोबत कोण जाणार, हे मात्र घरातच ठरवावं लागतं.