जमिनीखालची आंधळी मुंगी : ओळखावी कशी?



भुईमुगाचा वेल उपटला, शेंगा हातात घेतल्या, आणि दहा-वीस शेंगांना बाजरीच्या दाण्याएवढी गोल भोके दिसली. फोडून बघावे तर आत दाणा नाही, नाही तर अर्धा खाल्लेला. बटाट्याच्या काढणीतही असेच होते. वरून पाला हिरवागार, पण कंद उकरला की त्याला सुईने टोचल्यासारखी भोके आणि आत वळणावळणाची बिळे. अशा वेळी आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, "वाळवी लागली." मग दुकानात जाऊन वाळवीचे औषध आणायचे, ओतायचे आणि पुढच्या हंगामाला पुन्हा तेच.

वाळवी असेल तर ठीक आहे. पण पुष्कळदा हे काम एका मुंगीचे असते आणि ती मुंगी शेतकऱ्याच्या नजरेस सहसा पडत नाही. कारण ती जमिनीवर येतच नाही म्हटले तरी चालेल. तिला आपल्याकडे रूढ असे वेगळे नाव नाही. कुठे नुसती 'लाल मुंगी' म्हणतात. पण लाल मुंग्या तर ढीगभर जातींच्या आहेत. म्हणून या पत्रकापुरते आपण तिला 'आंधळी मुंगी' म्हणू. शास्त्रीय नाव डोरिलस ओरिएंटॅलिस. वेस्टवुड नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३५ साली तिला हे नाव दिले. १९०३ साली बिंगहॅम यांनी हिंदुस्थानातील मुंग्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यातही ती आहे. म्हणजे शास्त्राला ओळख जुनी आहे, शेतात मात्र ती अनोळखीच राहिली.

तिला आंधळी म्हणण्याचे कारण सरळ आहे. कामकरी मुंगीला डोळे नसतातच. अधू डोळे नव्हेत, अजिबात नाहीत. अंधारात राहणाऱ्याला त्यांचा उपयोग तरी काय! वास आणि स्पर्श यांवर तिचे सगळे चालते. रंग मधासारखा पिवळसर ते तांबूस तपकिरी. अंग गुळगुळीत, चकचकीत. एकाच वारुळातल्या मुंग्या सारख्या आकाराच्या नसतात. काही जेमतेम अडीच मिलिमीटर, तर काही सहा मिलिमीटरपर्यंत. मोठीचे डोके चौकोनी आणि जबडे मजबूत असतात. त्यामुळे लहान-मोठ्या मुंग्या एकत्र दिसल्या तर दोन जाती आहेत असे समजू नका.

आता ओळख पटवायची कशी ते नीट बघू, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. चार-सहा किडे चिमटीत धरून पांढऱ्या कागदावर टाका आणि भिंगातून बघा. दहावी-बारावीच्या पोराच्या दप्तरात भिंग मिळेल.

पहिली गोष्ट कंबर. वाळवीला कंबर नसते, छाती आणि पोट सरळ जोडलेले असते. तिच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात आणि अंग पांढुरके, मऊ. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या. एवढ्यावरून वाळवी की मुंगी हे कळले.

दुसरी गोष्ट, कोणती मुंगी? आपल्या बांधावर भुसभुशीत मातीचा ढीग करून राहणारी आणि पाय पडला की आग होईल अशी डसणारी लाल मुंगी सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिला बारीक काळे डोळे असतात आणि कंबरेवर दोन गाठी असतात. आंधळ्या मुंगीला डोळे नाहीत आणि कंबरेवर गाठ एकच. शिवाय तिच्या पोटाचे मागचे टोक वरून दाबल्यासारखे चपटे असते. डोळे नाहीत, गाठ एक, टोक चपटे: या तीन खुणा जुळल्या की आपला संशय खरा धरायला हरकत नाही. हिची नात्यातली भावंडे आहेत, त्यांच्यातूनही निवडायचे तर मिशीची पेरे मोजावी लागतात. हिच्या मिशीला नऊ पेरे असतात. पण ते काम सूक्ष्मदर्शकाचे, आपल्या भिंगाचे नव्हे.

नुकसानीवरूनही अंदाज येतो. वाळवी असेल तर मातीचे लिंपण दिसते, मुळे पोखरून त्यात माती भरलेली असते, शेंगेची साल खरवडलेली दिसते आणि झाड सुकते. हुमणी असेल तर मुळेच कुरतडलेली असतात आणि उकरल्यावर इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी सापडते. आंधळी मुंगी शेंगेला किंवा कंदाला भोक पाडून आत शिरते. झाड वरून बहुधा ठणठणीत असते, म्हणून काढणीपर्यंत पत्ता लागत नाही. भोकातून पुढे कूज शिरते ते वेगळेच. बटाट्याच्या या नुकसानीची चर्चा आसाम आणि नेपाळ या भागांत फार झाली आहे. ऊस, कोबी, फुलकोबी यांनाही ती त्रास देते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी या मुंगीचा नर मात्र नक्की पाहिला असेल, फक्त ओळखला नसेल. रात्री ओसरीच्या दिव्यावर तांबूस, केसाळ, लांबोडक्या पोटाचा, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा पंखवाला किडा धडका मारतो. लोक त्याला गांधीलमाशी समजून चपलेने मारतात. तो या जातीचा किंवा तिच्या भावकीतला नर असण्याचा संभव असतो. त्याला मोठे डोळे असतात. तो डसत नाही, कारण मुंग्यांच्या नराला नांगीच नसते. असा किडा वारंवार दिसू लागला तर आसपासच्या जमिनीत या मुंग्या आहेत असे समजावे.

राणीची गोष्ट उलटी. तिला पंख कधीच येत नाहीत आणि दृष्टीही नसते. इतर मुंग्यांच्या राण्या उडून दूर जातात आणि नवे वारूळ मांडतात. इथे जुन्या वारुळाचीच वाटणी होते, भावाभावांत जमिनीची होते तशी, आणि एक वाटा राणीसह जमिनीखालून चालत दुसरीकडे जातो. हे सांगायचे कारण असे की या मुंगीचे वरून दिसणारे वारूळ नसते. बांधावर दिसेल त्या वारुळात औषध ओतल्याने ही मरत नाही. मरतात त्या दुसऱ्याच मुंग्या, आणि त्यांतल्या कित्येक जणी पिकावरच्या अळ्या-अंडी उचलून नेऊन आपले काम हलके करीत असतात.

मग शेतात आहे की नाही हे पेरणीपूर्वी कळेल का? एक साधी युक्ती आहे. मलेशियात हिच्याच नात्यातल्या मुंगीचा अभ्यास करणाऱ्यांनी भोके पाडलेल्या भांड्यात पामतेल मिसळलेली माती भरून ती भांडी जमिनीत पुरली. मुंग्या खालून वासावर आल्या आणि ठरलेल्या भुयारी वाटांनी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. २००२ साली हे काम प्रसिद्ध झाले. आपल्याला मोठा खटाटोप नको. जुन्या डब्याला खिळ्याने बारीक भोके पाडा, तेल कालवलेली माती भरा, वीतभर खोल पुरा आणि जागेवर काठी रोवून ठेवा. एकरात पाच-सहा ठिकाणी असे करा. दोन-तीन दिवसांनी डबा अलगद काढून कागदावर उलटा करा. याने मुंगी मरत नाही, फक्त कळते. पण कळणे हेच अर्धे काम आहे, नाही का?

उपायांबाबत स्पष्ट सांगतो, एका फवाऱ्यात निकाल लावणारे औषध माझ्यापाशी नाही. ज्या तुकड्यात मुंगी सापडली तिथे उन्हाळ्यात खोल नांगरट करा, म्हणजे वाटा मोडतील. अर्धे कुजलेले शेणखत घालू नका. निंबोळी पेंड मातीत मिसळा. बटाट्याला भर चांगली लावा आणि जमिनीला भेगा पडेपर्यंत पाणी तोडू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पीक तयार झाल्यावर जमिनीत ठेवू नका. भाव वाढेल म्हणून आठ-पंधरा दिवस थांबणारा शेतकरी मुंगीला जेवायला बसवतो. भोके पडलेला माल वेगळा काढा, बेण्यात तर मुळीच मिसळू नका.

काही जुन्या मंडळींना बीएचसीची भुकटी आठवते. तिच्यावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नका. रासायनिक औषध घ्यायचेच तर त्या पिकासाठी आणि जमिनीत देण्यासाठी त्याला मान्यता आहे का, हे डब्यावरच्या चिठ्ठीवरून कृषी सहायकाकडून तपासून घ्या. भुईमूग आणि बटाटा दोन्ही पोटात जाणाऱ्या वस्तू आहेत.

शंका असेल तर नमुना पाठवा. लहान-मोठ्या मिळून दहा-बारा मुंग्या, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने, शाईने नव्हे, कारण ती स्पिरिटात पसरते, गाव, तारीख, पीक आणि किती खोल सापडल्या ते लिहा व ती चिठ्ठी बाटलीतच घाला. भोके पडलेल्या पाच-सहा शेंगा सुक्या पुडीत बांधून सोबत द्या. बाटली तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा.