इंजिनाचे छायाचित्र की धुराचे?

पुणे-नाशिक लोहमार्गाच्या आखणीत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची हरकत उभी राहिली आणि चाकणला आगगाडी कोणत्या वाटेने यायची हा प्रश्न पुनश्च दप्तरात गेला, हे वर्तमान वाचकांनी वाचलेले आहे. त्याचा काथ्याकूट येथे करावयाचा नाही. परंतु ज्या गावात देशाच्या वाहनांचा मोठा हिस्सा तयार होतो, आणि जेथे रुळाचा एक तुकडाही नाही, त्याच गावात आगगाडीवर मनापासून प्रेम करणाऱ्या तरुण कामगारांचा एक वर्ग गेल्या काही वर्षांत निर्माण झाला आहे, ही गोष्ट मात्र त्या वादाच्या गलबल्यात कोणी सांगितलेली नाही. गुरुवारच्या साप्ताहिक सुटीला ही मंडळी गळ्यात कॅमेरा अडकवून मोटारसायकलीवरून तळेगाव, बेगडेवाडी किंवा मळवली गाठतात, आणि वर्षातून एकदा रजा साठवून रेवाडीला अथवा नेरळला वाफेच्या इंजिनाच्या दर्शनाला जातात. यंत्राशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, सूतभर फरकाने सुटा भाग नापास कसा होतो हे ज्यांना हाताने ठाऊक आहे, अशा माणसांनी काढलेले इंजिनाचे छायाचित्र इतरांच्या छायाचित्राहून निराळे असावे, अशी माझी अपेक्षा आहे, आणि त्या अपेक्षेपोटीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम घरच्या रुळांविषयी. पुणे-लोणावळा मार्ग तळेगावाच्या परिसरात सामान्यतः आग्नेयेकडून वायव्येकडे जातो; त्यामुळे मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या तोंडावर दुपार कलल्यानंतरचे ऊन पडते आणि पुण्याकडे येणाऱ्या गाडीच्या तोंडावर सकाळचे. हा साधा हिशेब ज्याने केला नाही तो डेक्कन क्वीनसाठी पहाटे उठून निराश होतो. कारण १ जून १९३० पासून या मार्गाचे भूषण असलेली ती गाडी सकाळी सव्वासातला पुणे सोडते तेव्हा सूर्य तिच्या पाठीशी असतो आणि तोंड सावलीत, तर रात्री ती परतते तेव्हा उजेडच उरलेला नसतो. तिचे छायाचित्र बाजूने, डब्यांच्या रांगेवर तिरपे ऊन घेऊनच काढावे लागते. तिच्याइतक्याच आस्थेने टिपावी अशी दुसरी गाडी चिंचवडहून निघते: आपल्याच पट्ट्यातील मोटारी भरून नेणारी मालगाडी. या गाड्यांतील कित्येक डबे एके काळी उतारूंचे डबे होते. त्यांची बाके काढून, खिडक्या बंद करून, टोकाला दारे बसवून त्यांना मालवाहू केलेले आहे. ज्या डब्यातून आजोबा पंढरीला गेले असतील, त्याच्या बंद खिडक्यांआड नातवाने जोडलेली मोटार उभी आहे, हा योग छायाचित्रकाराने सोडू नये.

पण मन ओढले जाते ते वाफेच्या इंजिनाकडे, आणि ते स्वाभाविक आहे. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली. आज चाकणच्या कारखान्यांत कामाला असलेल्या बहुतेकांचा जन्म त्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. त्यांना वाफेचे इंजिन भेटते ते दुरुस्त करून पुन्हा उभे केलेल्या स्वरूपात, सहलीच्या गाडीला जोडलेले. अशा सहलीत छायाचित्रकारांसाठी एक खास बंदोबस्त असतो: सोयीच्या जागी गाडी थांबवून सर्वांना उतरवतात, ते एका रांगेत उभे राहतात, गाडी उलट जाऊन काही अंतरावर थांबते आणि मग पूर्ण जोराने त्यांच्यासमोरून निघून जाते. या क्षणासाठी लोकांनी शेकडो मैलांचा प्रवास केलेला असतो, आणि येथेच ती मागणी पुढे येते, जिच्याविषयी मला सविस्तर बोलावयाचे आहे. ती मागणी काळ्या धुराची.

काळाकभिन्न, आकाश झाकोळून टाकणारा धूर म्हणजेच वाफेच्या इंजिनाचे सामर्थ्य, असा समज चित्रपटांनी आणि दिनदर्शिकांनी इतका रुजविला आहे की, सहलीतील मंडळी फायरमनला विनवून भट्टीत मुद्दाम जादा कोळसा टाकायला लावतात. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टीत हवा अपुरी पडली, कोळशाचा थर जाड झाला किंवा गार कोळसा एकदम लोटला गेला की कर्बाचे कण न जळताच धुराड्यातून बाहेर पडतात. अर्थात ज्या इंधनाने पाणी तापवायचे ते आकाशात उधळले जाते आणि नळ्यांच्या आत काजळीचा थर साचून उष्णता पाण्यापर्यंत पोहोचेनाशी होते. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा, भट्टीच्या नेमक्या कोपऱ्यात, वेळ साधून टाकतो, आणि त्याच्या इंजिनाच्या धुराड्यावर पुसट करडी रेघ दिसते. ती पुसट रेघ त्या माणसाच्या कसबाची सनद आहे. ज्या कामगाराचे काम भंगार कमी करण्यावरून जोखले जाते, त्याने दुसऱ्या कामगाराला भंगार वाढविण्याची विनंती करावी, हे मला पटत नाही.

पांढऱ्या वाफेची गोष्ट वेगळी. ती इंजिनाच्या श्रमाची खरी खूण आहे. सिलिंडरात काम करून थकलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते. तो झोत आपल्याबरोबर भट्टीतील वायू ओढून घेतो, त्यामुळे विस्तवाला ताजी हवा मिळते, आणि इंजिन जितके जोर करील तितका विस्तव आपोआप फुलतो. वाफेच्या इंजिनाचा सुप्रसिद्ध छक-छक नाद तो हाच. बाहेर पडलेली ही वाफ डोळ्यांना दिसते ती गार हवेत तिचे सूक्ष्म जलबिंदू झाले म्हणून. आपल्याकडील चैत्र-वैशाखातल्या कोरड्या दुपारी ती धुराड्यापासून हातभर अंतरावर विरून जाते, आणि छायाचित्रात इंजिन मृतवत दिसते. तेच इंजिन पौषातल्या पहाटे संपूर्ण गाडीवर शुभ्र छत्र धरते. तेव्हा ज्याला दृश्य हवे आहे त्याने फायरमनला गळ न घालता थंडीची वाट पाहावी आणि पहाटे उठावे. काळे इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत आली की कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन गोंधळते, हेही ध्यानात असावे: ते काळ्याला करडे करण्याच्या खटपटीत वाफेचा सारा तपशील पांढऱ्या डागात बुडवते. म्हणून प्रकाशमान स्वतः ठरवावे, वाफेला सांभाळावे आणि चाके व दांडे यांच्यावर तिरपे ऊन पडेल अशी बाजू धरावी. कारण चाकांना फिरविणाऱ्या त्या दांड्यांतच वाफेचे गतीत झालेले रूपांतर डोळ्यांना दिसते, जे विजेच्या इंजिनात पेटीआड झाकलेले असते.

आता खरेपणाचा प्रश्न. रेवाडीच्या शेडमध्ये जे ‘अकबर’ नावाचे डब्ल्यूपी वर्गाचे, ७१६१ क्रमांकाचे इंजिन आहे, ते ‘गदर’ चित्रपटात फाळणीच्या काळातील म्हणून अनेकांनी पाहिले. हे इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यात १९६५ साली तयार झाले. त्या वर्गाची पहिली इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कंपनीकडून आली तीच मुळी १९४७ साली. यात दोष ‘अकबर’चा नाही; त्याच्या छायाचित्राखाली ‘फाळणीच्या काळातील इंजिन’ असा खोटा मजकूर लिहिला तर दोष त्या मजकुराचा. १८५५ सालच्या ‘फेअरी क्वीन’चे उदाहरण याहून बोलके. दिल्लीच्या संग्रहालयात उभे असलेले हे इंजिन दुरुस्त होऊन १९९७ साली पुन्हा धावले, नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले. पुढे त्याचे भाग चोरीस गेले, ते पेरंबूरच्या कारखान्यात नव्याने सिद्ध करावे लागले, आणि २०१२ च्या अखेरीस ते परत रुळांवर आले. मग त्यातील जुने किती आणि नवे किती? मला हा प्रश्न इंजिनाच्या थोरवीला कमीपणा आणणारा वाटत नाही. चालते इंजिन झिजतेच, आणि वाफेच्या इंजिनाच्या नळ्या, स्टे, पट्टे त्याच्या कार्यकाळातही बदलले जात. दुरुस्त बॉयलर प्रथम पाण्याने भरून, नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देऊन तपासतात. कारण पाणी दाबाने फारसे आकसत नाही, म्हणून एखादा सांधा सुटलाच तर गळती होते, स्फोट होत नाही. त्या तपासणीच्या वेळी बॉयलरवर हात ठेवून ओल शोधणाऱ्या कारागिराचे छायाचित्र मात्र क्वचितच पाहावयास मिळते.

याउलट, वाफेच्या इंजिनाचा केवळ आकार धारण केलेली विजेची वा डिझेलची इंजिने अलीकडे ‘वारसा’ या नावाने धावू लागली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर-अहमदाबाद मार्गावर जी गाडी सुरू झाली तिच्या विजेच्या इंजिनाला असेच रूप दिलेले आहे. प्रवाशांची सोय आणि प्रदूषणाचा विचार मी नाकारीत नाही. पण ज्या यंत्रात विस्तव नाही, पाणी नाही, ज्याच्या धुराड्याला काही काम नाही, त्याला वारसा म्हणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राने या वाटेने जाऊ नये.

कारण महाराष्ट्राच्या पदरी खरा वारसा आहे. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी शाळेच्या पुस्तकात आहे. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. आमच्या घराजवळचा बोरघाट मात्र पुन्हा पुन्हा सांगावा असा आहे. या घाटाचे काम घेतलेला मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे पोहोचल्यावर अल्पावधीतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस मायदेशी परतली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. तिने तो मक्ता आपल्या अंगावर घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरले, आणि सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा, पंचवीस बोगद्यांचा तो घाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. या बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावाशी निगडित आहे. ओल्या काचपट्ट्यांचा तो काळ; काच लेपून, ओली असतानाच चित्र घेऊन, जागच्या जागी अंधाऱ्या तंबूत ती धुवावी लागे. सह्याद्रीच्या कड्यावर, सुरुंगाच्या धुरळ्यात हे करणाऱ्याला लहर म्हणून चित्र काढता येत नसे. मक्त्याचे काम आणि कामाचा दस्तऐवज एकाच हातात असावा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते, आणि आपल्या प्रांतातील लोहमार्ग-छायाचित्रणाच्या परंपरेचा आरंभ कोठे शोधायचा तर तो येथे, असे मी म्हणेन. १९२९ मध्ये वीज आली, खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविण्याची जुनी पद्धत बंद झाली, आणि घाटातून वाफेची सद्दी गेली.

दुसरा वारसा नेरळ-माथेरानचा. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली पुरा केलेला हा सुमारे २१ किलोमीटरचा, दोन फुटी रुळांचा मार्ग. वीस फुटांमागे एक फूट चढ आणि अंगावर येणारी वळणे. त्यासाठी इंजिनाची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची, आणि बांधणी जर्मनीच्या ओरेनश्टाइन-कोपेल कंपनीची. लहान रूळ, बेताचा भार आणि तरीही पुरेसे मोठे डबे ही त्याची सूत्रे त्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेवर सिद्ध करून दाखविली होती. पुढे इंग्लंडातील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातील रेल्वे त्याने त्याच धर्तीवर बांधली, आणि उत्तरायुष्यात वैमानिकांसाठी हवाई छत्री सिद्ध करण्यात स्वतःला वाहून घेतले. बार्शीची छोटी रेल्वे रुंदीकरणात गेली. माथेरानची चार मूळ इंजिने ७३८ ते ७४१ क्रमांकांची. त्यांपैकी ७३९ दिल्लीच्या संग्रहालयात, ७४० इंग्लंडात. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या प्रारंभी त्यांची नोकरी संपली. मधल्या काळात दार्जिलिंगच्या बी वर्गाचे ७९४ क्रमांकाचे इंजिन वाफेची फेरी चालविण्यासाठी नेरळला आणले गेले, परंतु नियमित वेळापत्रकावर वाफ काही टिकली नाही. ज्या भूमीवर भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली, तेथे आज वाफेचे एकही इंजिन रोजच्या कामावर नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे माझी तजवीज अशी: पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते आणि उन्हाळ्यात वाफ दिसत नाही; तेव्हा डिसेंबर-जानेवारीतील काही ठराविक तारखा आधी जाहीर करून, नेरळ ते जुम्मापट्टी एवढ्याच टप्प्यावर, खऱ्या वाफेच्या इंजिनाची फेरी चालवावी, आणि छायाचित्रकारांकडून वेगळे शुल्क घेऊन ते इंजिनाच्या देखभालीसाठीच राखून ठेवावे. उभे राहण्याच्या जागा आखून द्याव्यात. रुळांवर विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमाखाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकेल असा अपराध आहे, आणि मोबाइल हाती घेऊन रुळांमध्ये उभे राहणारी पोरे दर आठवड्याला मळवलीत दिसतात. आखून दिलेली, ऊन कोणत्या बाजूने येते हे पाहून निवडलेली जागा मिळाली तर त्यांतील बहुतेक जण तेथेच उभे राहतील.

आणि चाकणच्या मित्रांना विनंती एवढीच की, प्रत्येक छायाचित्राखाली इंजिनाचा वर्ग व क्रमांक, बांधणीचा कारखाना आणि साल, शेवटच्या दुरुस्तीची जागा, त्या दिवशीच्या हवेचे तापमान, आणि संमती असेल तर इंजिनावरील चालक व फायरमन यांची नावे लिहावीत. कारखान्यात प्रत्येक सुट्या भागामागे अशी चिठ्ठी लावण्याची सवय त्यांना आहेच.