खोलीनिहाय तापमान-नियंत्रणाचा मागोवा

घरातील प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखण्याची पद्धत आज आधुनिक मानली जात असली, तरी युरोप-अमेरिकेत पूर्वी माणसांचा वावर असलेल्या खोलीतच आग पेटवली जाई. एकोणिसाव्या शतकात तळघरातील एकाच भट्टीतून साऱ्या इमारतीला ऊब पुरवली जाऊ लागली, तेव्हा खोल्याखोल्यांतून कोळसा वाहण्याचे कष्ट वाचले. परंतु कोणती खोली किती उबदार असावी, हे मात्र खोलीत बसणाऱ्याच्या हाती उरले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न एका शिक्षणसंस्थेत सुरू झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथील या संस्थेत शिपायाला वर्गावर्गांत जाऊन तापमान पाहावे लागे आणि मग तळघरातील झडपा हलवाव्या लागत. तेथील प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विद्युत थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमानानुसार आपोआप सूचना देणाऱ्या उपकरणाचे, पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये दाबयुक्त हवेने अनेक खोल्यांचे नियमन करणाऱ्या व्यवस्थेचेही पेटंट त्यांना मिळाले. डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये रेडिएटरसाठी, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या साधनासाठी, जी झडप शोधली, तिने हे नियमन घरगुती केले. खोली तापली की झडपेतील बंदिस्त द्रव्य प्रसरण पावते आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा साधनांकडे सोयीपेक्षा इंधनबचतीच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले.

थंडाव्याच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होता, कारण हवा वाहून नेणाऱ्या नलिकांतील काही झडपा बंद केल्या, तरी एकाच वेगाने चालणारा पंखा तेवढीच हवा ढकलू पाहतो, त्यामुळे नलिकांतील दाब वाढतो आणि अपेक्षित बचत हाती लागत नाही. यावर उपाय म्हणून डायकिन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या व्हीआरव्ही प्रणालीत शीतकाचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, प्रवाहच मागणीनुसार बदलण्याची सोय झाली.

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एसी मुळातच एकेका खोलीपुरता बसवला जात असल्याने हा विभागवारपणा येथे आयताच मिळाला. तथापि उघडे दार, फटींची खिडकी आणि तापलेले छत यांकडे दुर्लक्ष झाले, तर खोलीची सीमा नावापुरतीच उरते. म्हणून भारतात नव्या एसींसाठी २०२० पासून लागू झालेल्या, एसी सुरू होताच आपोआप ठरणाऱ्या २४ अंशांच्या तापमानाइतकेच महत्त्व खोलीच्या बांधणीलाही द्यावे लागते.